पुस्तकात नसलेला चौथा इशारा

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, तुर्भ्याच्या 'गारवा कोल्ड स्टोरेज'मध्ये तीन नंबरच्या खोलीच्या दाराखालून गुलाबी पाणी वाहत होतं. कोजागरीसाठी भरून ठेवलेलं आइस्क्रीम होतं ते. खोली रात्रभर गार झालीच नव्हती. मी अकरा वाजता पोचले तेव्हा त्या ओघळावर माश्या बसल्या होत्या आणि एक माणूस पायरीवर बसून त्यांच्याकडे बघत होता. माश्या हाकलायचं कोणाच्या डोक्यात नव्हतं. त्या माणसालाच हाकलायचं चाललं होतं.

मी अरुणा. महाप्याच्या एका छोट्या कंपनीत तपासणी विभागात होते. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि एक स्टूल. कोल्ड स्टोरेजची गारव्याची यंत्रं चालू-बंद करणारं पॅनेल आम्ही बनवायचो, आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पॅनेलवर शेवटची सही माझी असायची. साल चौऱ्याण्णव, माझं वय एकेचाळीस. माझं तोंड फटकळ आहे असं ऑफिसात म्हणत. बरोबरच म्हणत.

आमच्या साहेबांनी सकाळी शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप दिला होता. "जा, आणि मशीन ठीक आहे एवढं लिहून ये. एक ओळ बास."

मशीन ठीकच होतं. कॉम्प्रेसर घुमत होते, काटे जागेवर होते. मॅनेजर सुधीर माझ्यामागे हात चोळत उभा होता.

"बघा मॅडम, एकदम झकास चालतंय. मी आठला आलो, चालू केलं, चालू झालं. मशीनला काय धाड भरलीय? हा पायरीवर बसलाय ना, सदू, त्याची ड्यूटी होती. दसऱ्याचं खाऊन झोपला. आता म्हणतो दिवा लुकलुकत होता."

"किती वेळा?"

"चार." सुधीर हसला. "आता तुम्हीच सांगा."

यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं. आमच्या पॅनेलला चित्राचा पडदा नव्हता, एक लाल दिवा होता. लाइट जाऊन आली की सगळ्यात आधी एक छोटा प्रोग्राम धावायचा. तो एकेक भाग तपासायचा आणि काही बिघडलं असेल तर तिथेच थांबून दिव्याने इशारा द्यायचा. एकदा लुकलुकला तर मेमरी, दोनदा तर घड्याळ, तीनदा तर तापमानाचं कार्ड. पुस्तिकेत तीनच इशारे छापले होते. चौथा नव्हताच.

रजिस्टरमध्ये सदूच्या मोठ्या अक्षरात नोंद होती: 'दुपारी लाइट गेली ३:४०. आली ३:५५. मशीन सुरू नाही. दिवा चार, थांबतो, परत चार.'

मी पेनचं टोपण काढलं. तेवढ्यात सदू पायरीवरून उठून आला. पन्नाशीचा, अंगाने वाळका, पाटणकडचा माणूस.

"ताई, सही करा, माझं काय म्हननं न्हाई. पर एक सांगा. पुस्तकात तीन हायती ते मला पाठ हाय. खोटंच बोलायचं असतं तर मी तीन न्हाई का लिवलं असतं?"

मी टोपण पुन्हा लावलं.

२

सोमवारी अकराला मालक धर्मराज शेठ येणार होते. तोवर यंत्रात दोष निघाला नाही तर सदूवर पोलिसात तक्रार होणार होती आणि प्लँटच्या मागची त्याची खोलीही जाणार होती. नऊ वर्षं तो त्या खोलीत एकटा राहत होता. बायको वारलेली, मुलगी पाटणला सासरी.

"शुक्रवारचं सगळं सांगा," मी म्हटलं. "मधलं काही गाळू नका."

आम्ही यंत्राच्या खोलीत बसलो. आवाज एवढा की बोलायचं तर जवळ यावं लागे. इथे हा माणूस आठ-आठ तास एकटा बसायचा.

"धाला मशीन बंद केली. पुसली. पूजा मीच केली, दर साली करतो. गुरुजी हकडं येत न्हाईत, हकडं कोन येतंय? कुक्कू लावलं, झेंडूचं तोरन बांधलं. पॅनेलला कुलूप, तवा तिथं भायरनंच लावलं. अकराला चालू केली. लगीच सुरू झाली."

"लगेच? दिवा वगैरे काही नाही?"

"काय न्हाई. मग बाराला सुधीरसाहेब आले. म्हनले, सदू, आज दसरा हाय, जा जेवून ये निवांत, मी बसतो." तो थांबला. "नऊ वर्सांत मला कोन असं म्हनलं न्हवतं, ताई. मी इथंच मशीनम्होरं जेवतो. गेलो भायेर, खानावळीत बसून पुरनपोळी खाल्ली. पाऊन वाजता आलो. साहेब म्हनले, आता मी करंजाड्याला चाललो, शेठच्या नव्या कोल्ड स्टोरेजच्या मुहूर्ताला. मग सगळीच गेली. मी एकटा."

"आणि लाइट जाऊन आल्यावर?"

"मशीन उठंना. दिवा चार. साहेबांच्या घरी फोन लावला, घंटी वाजत ऱ्हायली. तुमच्या हापिसात लावला, तितंबी तसंच. हातानं चालवायचं बटन हाय, पर ते पॅनेलच्या आत. किल्ली साहेबांकडं. कुलूप फोडलं असतं तर चोर, न्हाई फोडलं तर झोपाळू. रातभर हितंच बसलो दिवा मोजत. चार, थांबतो. चार, थांबतो."

आमच्या ऑफिसातली ती घंटी मला ऐकू आल्यासारखी झाली. सुट्टीचा दिवस, रिकामं टेबल, रिकामं स्टूल.

"आणि सकाळी सुधीर आले तेव्हा?"

"म्हनले, आदी तीन नंबरचं दार उघड. मी दाराशी गेलो आन् पाठीमागं मशीन सुरू झालं."

मी सुधीरकडून किल्ली मागून पॅनेल उघडलं. आत सगळं जागच्या जागी होतं. उजव्या कोपऱ्यात काडेपेटीएवढी काळी डबी खोचलेली होती. कोणती खोली किती गार ठेवायची ते आकडे त्या डबीत साठवलेले असतात. माझ्या टेबलावरून अशा शंभर डब्या गेल्या असतील.

या डबीवर मात्र एक केशरी ठिपका होता आणि त्यात तांदळाचा एक दाणा चिकटला होता. मी वाकून वास घेतला. अष्टगंध.

"दसरा होता मॅडम, पूजा झालीय," सुधीर मागून घाईने म्हणाला.

मी पॅनेलच्या बाहेरच्या बाजूला बघितलं. तिथे सदूने लावलेलं कुंकू लालभडक होतं.

३

महाप्याचं ऑफिस शनिवारी दुपारी बंद असे. वॉचमनने दार उघडून दिलं आणि तो पुन्हा आपल्या खुर्चीवर जाऊन पेंगू लागला. मी सरळ बाबासोच्या कपाटाकडे गेले.

बाबासो हा माणूस आता नव्हता. आमच्या पॅनेलचा प्रोग्राम त्याने लिहिला होता, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकट्याने. कोरेगावकडचा. नावावरून ऑफिसात त्याची थट्टा व्हायची, तो हसून सोडून द्यायचा. जुईनगरला माझ्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये एका खोलीत राहायचा. बसमधून उतरल्यावर कोपऱ्यापर्यंत आम्ही बरोबर चालायचो. तो यंत्रांबद्दल बोलायचा, मी "हं" म्हणायचे आणि संध्याकाळच्या भाजीचा विचार करायचे. कोपऱ्यावर तो म्हणायचा, "बरंय, येतो." असं पाच वर्षं चाललं. पाच वर्षांत माझ्या तोंडून त्या "हं"पलीकडे काही निघालं नाही, आणि निघायला हवं होतं हे मला तो गेल्यावर कळलं.

दोन वर्षांपूर्वी त्याला कावीळ झाली. त्याने कोणाला सांगितलं नाही. तीन दिवस कामावर आला नाही तेव्हा आम्ही म्हटलं, गावी गेला असेल. मी शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहत होते.

कपाटात त्याचे कागद तसेच होते, घड्या पडलेले, दोन्ही कडांना भोकं असलेले लांबलचक छापील कागद. मी टेबलावर पसरून सुरुवातीचा छोटा प्रोग्राम शोधला. एक, मेमरी. दोन, घड्याळ. तीन, तापमानाचं कार्ड. प्रत्येक ओळीपुढे त्याने इंग्रजी अक्षरांत मराठी शेरे लिहिले होते, ती त्याची सवय होती. आणि तिसऱ्याच्या खाली आणखी एक तपासणी होती.

चार.

पुढचा शेरा मी दोनदा वाचला. 'डबी जागेवर नाही. कोणीतरी काढली आहे. इथेच थांबायचं, अंदाजाने यंत्र चालवायचं नाही. यात चालवणाऱ्या माणसाची चूक नाही.'

त्याच कागदात पुस्तिकेसाठी त्याने हाताने लिहिलेलं एक पान टाचलं होतं. चारही इशारे, प्रत्येकासमोर काय बिघडलं आणि काय करावं. पानावर आमच्या साहेबांचा लाल पेन्सिलीतला शेरा होता: 'चौथा नको. जास्त बिघाड छापले की गिऱ्हाईक घाबरतं.'

छपाईत गिऱ्हाईक वाचलं, सदू मेला.

आणि मग मला आठवलं. जुईनगरचा कोपरा, हातात पिशवी, आणि बाबासो सांगत होता, "चौथा घातलाय बघा आत. पुस्तकात नाही घेतला, पण दिवा सांगेल."

मी म्हटलं होतं, "हं."

४

रडून झाल्यावर मी कामाला लागले. रडले हे सांगायला मला लाज नाही.

एक गोष्ट जुळत नव्हती. पूजेनंतर अकराला यंत्र चालू झालं, म्हणजे तेव्हा डबी जागेवर होती. पावणेचारला लाइट गेली आणि आल्यावर दिवा चार म्हणाला, म्हणजे तोवर डबी गेली होती. पण मधले पाच तास यंत्र व्यवस्थित चाललं. डबी काढली तर यंत्र तिथल्या तिथे बंद पडायला हवं. पडलं का नाही?

माझ्या टेबलावर एक पॅनेल कायम तपासणीसाठी उभं असे. मी ते चालू केलं. एक मिनिट चालू दिलं. मग डबी ओढून काढली.

काही झालं नाही. पंखे फिरत राहिले, काटा हलला नाही.

मी बाबासोचे कागद पुन्हा उघडले. उत्तर तिथे होतं, इतकं सोपं की माझीच मला चीड आली. डबीतले आकडे प्रोग्राम फक्त चालू होताना वाचतो आणि स्वतःजवळ ठेवतो. नंतर डबी आहे की नाही याची त्याला पर्वा नसते. लाइट जाऊन येते तेव्हा तो पुन्हा डबी मागतो. मी पॅनेल बंद करून परत चालू केलं.

लाल दिवा लुकलुकला. चार. थांबला. परत चार.

म्हणजे शुक्रवारी दुपारी कोणीतरी ती डबी काढून नेली होती. ज्याने नेली त्याला माहीत होतं की नेली तरी यंत्र बंद पडत नाही. तो ती गुपचूप परत ठेवणार होता. मध्येच लाइट जाईल याचा त्याने विचार केला नाही. आणि शनिवारी सकाळी डबी परत आली तेव्हा तिच्यावर गुरुजींचा अष्टगंध होता.

पॅनेलच्या किल्ल्या दोनच. एक सुधीरकडे. दुसरी आमच्याच कंपनीत, यंत्रं बसवायला जाणाऱ्या सौरभकडे.

सौरभ शुक्रवारी कुठे होता ते मला पाठ होतं. करंजाड्याला, धर्मराज शेठच्या नव्या कोल्ड स्टोरेजमध्ये, आमचं नवं पॅनेल चालू करायला. दसऱ्याचा मुहूर्त.

मी ड्रॉवर उघडला. करंजाड्याच्या पॅनेलसाठी बनवलेली सात नंबरची डबी तिथेच पडली होती. बुधवारी मीच ती नापास करून बाजूला ठेवली होती. माझ्या रजिस्टरमध्ये त्या दिवशीची नोंद होती, माझ्या सुवाच्य अक्षरात: 'डबी क्र. ७ – नापास.'

एवढंच. का नापास, ते मी लिहिलं नव्हतं.

५

सौरभ सानपाड्याला राहायचा. रविवारी सकाळी त्याने दार उघडलं आणि मला बघून त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते आश्चर्य नव्हतं. आत त्याची बायको बाळाला न्हाऊ घालत होती. साबणाचा आणि बेसनाचा वास येत होता.

"मॅडम, तुमी? आज संडे?"

"करंजाड्याचा मुहूर्त कसा झाला?"

"मस्त झाला ना. दोन वीसचा विजय मुहूर्त होता. शेठनी नारळ फोडला, मी बटन दाबलं, चालू. काय टेन्शन नाही."

"गुरुजींनी पूजा केली असेल."

"हो तर. पॅनेल उघडून आतपर्यंत. गंध, अक्षता, सगळं."

"आणि डबी कुठली लावलीस?"

त्याने आतल्या दाराकडे बघितलं. आतून बाळाचं रडणं आलं. "नवीनच. सात नंबर."

मी पर्स उघडली आणि सात नंबरची डबी त्याच्या टीपॉयवर ठेवली.

त्याने तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "मॅडम, प्लीज," तो हळू आवाजात म्हणाला, "आत ऐकू जातंय."

"उद्या अकराला गारवामध्ये ये," मी म्हटलं. "आलास तर तू स्वतः सांगशील. नाही आलास तर मी सांगेन. मला दुसरं काही येत नाही."

मी जिना उतरले. घरी जाऊन काय करायचं हे मला सुचेना, म्हणून जुईनगरच्या त्या कोपऱ्यावर बराच वेळ उभी राहिले. एका भाजीवालीने विचारलं, "काय पायजे ताई?" मी काहीच नको म्हटलं.

६

सोमवारी यंत्राच्या खोलीत पाच माणसं झाली. सदू म्हणाला, एवढी माणसं इथं एका वेळी कधी आली नव्हती. धर्मराज शेठ बाजार समितीतले जुने व्यापारी, मूळचे साताऱ्याचे. त्यांच्यासाठी खुर्ची आणली होती, ते बसले नाहीत. सुधीर त्यांच्या उजव्या हाताला. सौरभ दाराशी उभा, आत येऊ की नको अशा पवित्र्यात.

"बाई, मला पाच मिनिटांत सांगा," शेठ म्हणाले. "दोष यंत्राचा का माणसाचा?"

"शेठजी, तुम्हीच बघा." मी पॅनेल उघडलं. "मशीन चालू आहे. ती काळी डबी ओढून काढा."

"बंद पडलं तर?"

"काढा तर खरं."

त्यांनी डबी काढली. कॉम्प्रेसर घुमत राहिले. सुधीरने जीभ ओठावरून फिरवली.

"आता मेन स्विच बंद करते. लाइट गेली समजा." खोलीत एकदम शांतता झाली. "आणि आली."

मी स्विच वर केला. कॉम्प्रेसर उठले नाहीत. लाल दिवा लुकलुकला. सदू मोठ्याने मोजत होता.

"एक. दोन. तीन. चार." मग तो थांबला, दिवाही थांबला. "परत बघा आता. एक. दोन. तीन. चार."

"हा इशारा पुस्तकात नाही," शेठ म्हणाले.

"यंत्रात आहे. ज्याने यंत्राला बोलायला शिकवलं त्याने आत घातला. आमच्या कंपनीने पुस्तकात छापला नाही, गिऱ्हाईक घाबरेल म्हणून." मी बाबासोचा कागद त्यांच्यापुढे धरला आणि शेरा वाचून दाखवला. शेवटचं वाक्य मी पुन्हा एकदा वाचलं. 'यात चालवणाऱ्या माणसाची चूक नाही.'

"शुक्रवारी पुस्तक वाचून हा इशारा कोणालाच माहीत असणं शक्य नव्हतं. सदूभाऊंना माहीत होता. कारण त्यांनी तो बघितला. झोपलेल्या माणसाला चार मोजता येत नाहीत."

"मग डबी काढली कोणी?"

"अकराला ती जागेवर होती, नाहीतर पूजेनंतर यंत्र उठलंच नसतं. पावणेचारला नव्हती. मधल्या वेळात सदूभाऊ इथून एकदाच हलले, बारा ते पाऊण. नऊ वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांना म्हणालं, तू जेवून ये, मी बसतो." मी सुधीरकडे बघितलं नाही, गरज नव्हती. "आणि सकाळी यंत्र चालू झालं तेही सदूभाऊंना दाराकडे पाठवल्यावर. शेठजी, तुमच्या हातातल्या डबीचा वास घ्या."

शेठनी डबी नाकाशी नेली. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"हा तर आमच्या गुरुजींचा अष्टगंध. पंढरीशास्त्री स्वतः उगाळतात, केशर घालून. ते इकडं कधी आले?"

"आले नाहीत. डबी तिकडे गेली होती."

सुधीर भिंतीला टेकला. "शेठ, एका तासाचा प्रश्न होता," तो म्हणाला. "मुहूर्त होता. तुम्ही म्हणाला होता, दोन वीसला मशीन फिरलंच पाहिजे, नाहीतर वर्षभर नाट लागेल. नवी डबी आली नव्हती. सौरभ म्हणाला, तुमच्याकडची आणा, चालत्या मशीनला फरक पडत नाही. चारपर्यंत परत आणणार होतो."

"मग?"

"तिकडची लाइट तात्पुरती, सारखी जात होती. दर वेळी चालू करायला डबी लागायची. तुम्ही पाहुण्यांना घेऊन तिथेच उभे. काढणार कशी? इकडे लाइट जाईल असं वाटलंच नाही. सकाळी आलो तर..." त्याने सदूकडे बघितलं. "माझ्या हाताखाली दुसरं कोणी नव्हतं नाव घ्यायला."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. शेठनी डबी हातात फिरवली. मुहूर्त त्यांनीच धरला होता, हे त्यांना कळत असावं.

"आणि नवी डबी वेळेवर का आली नाही?" त्यांनी विचारलं.

सौरभने तोंड उघडलं, पण मीच पुढे झाले.

"माझ्यामुळे. डबीची एक पिन ढिली होती. दहा मिनिटांचं सोल्डरिंगचं काम. मी रजिस्टरमध्ये फक्त 'नापास' लिहिलं. का, ते लिहिलं असतं तर सौरभने गुरुवारी दुरुस्त करून नेली असती. मी तपासणी करते, शेठजी. नापास म्हणायला मला आवडतं. कारण लिहायचा मला कंटाळा येतो. एका ओळीत लिहून ये म्हणणारा साहेब आणि एका शब्दात लिहिणारी बाई, अशा आमच्या कंपनीत ज्याने सगळं स्पष्ट लिहून ठेवलं तो एकच माणूस होता, आणि त्याचं आम्ही कोणी वाचलं नाही."

शेठनी डबी जागेवर खोचली, मेन स्विच स्वतः खाली-वर केला. यंत्र उठलं.

"सदू," ते म्हणाले, "चुकलं आमचं." मग सुधीरला: "तुम्ही वर ऑफिसात या."

७

पोलीस आले नाहीत. सदूची खोली राहिली. सुधीरला नवं काम शोधायला सांगण्यात आलं आणि सौरभला शेठनी माफ केलं, माझ्या सांगण्यावरून. आमच्या साहेबांनी मला तासभर झापलं. मी ऐकून घेतलं आणि मग बाबासोचं पान, चारही इशाऱ्यांचं, त्याच्याच अक्षरातलं, झेरॉक्स करून आमच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पाठवून दिलं. लाल पेन्सिलीचा शेरा मी आधी खोडून टाकणार होते. मग तसाच ठेवला.

एक पान हातोहात द्यायला मी त्या आठवड्यात तुर्भ्याला गेले. दुपारचा एक वाजला होता. सदूने ते पॅनेलच्या दाराला बाहेरून चिकटवलं, चारही कोपरे दाबून.

"कोन हुते हे?" त्याने अक्षराकडे बघत विचारलं.

"बाबासो," मी म्हटलं. "माझ्या शेजारी राहायचे."

यंत्र घुमत होतं. त्याने कोपऱ्यातला आपला डबा उचलला, पुन्हा खाली ठेवला.

"सदूभाऊ," मी म्हटलं, "तुम्ही बाहेर जाऊन जेवून या निवांत. मी बसते." आणि त्याच्या चेहऱ्यावरची शंका बघून मी माझे दोन्ही हात वर करून दाखवले. "डबीला हात लावत नाही."

तो पहिल्यांदा हसला. डबा उचलून गेला.

मी त्याच्या स्टुलावर बसले. अर्धा तास त्या आवाजात दुसरं कोणी नव्हतं. दिवा बंद होता. नियमाप्रमाणे जो बसेल त्याने रजिस्टरमध्ये लिहायचं असतं, म्हणून मी पेन काढलं आणि लिहिलं: '१:१० ते १:४०. सदू जेवायला. मी बसले. दिवा बंद. सगळं ठीक.'

मग मी ते बघत राहिले. बाबासोने असं लिहिलं नसतं. मी 'सगळं ठीक' खोडलं आणि त्याखाली लिहिलं: 'मशीन ठीक. मी नाही. बाबासोंची फार आठवण येते, आणि हे मी कोणाला सांगितलेलं नाही.'

पावणेदोनला सदू परत आला. डबा उघडलेलाच नव्हता, नुसता बाहेर हिंडवून आणला होता. त्याने सवयीने रजिस्टर ओढलं आणि शेवटच्या ओळींवरून बोट फिरवत सावकाश वाचलं. वाचून झाल्यावर त्याने ते मिटलं, दुसरं स्टूल कुठूनसं शोधून आणलं, आणि डब्याच्या झाकणात अर्धी भाकरी मोडून माझ्यापुढे सरकवली.